सावली आणि वस्तू यांच्यातली फट

“यातली तुमची चित्रं कोणती?”

समोरच्या बाईंनी माझी २४ चित्रं टेबलावर मांडून दोनदा पाहिली आणि मग हा प्रश्न विचारला. मी म्हटलं, सगळी माझीच आहेत. “हो, काढलीत तुम्हीच,” त्या म्हणाल्या, “पण यातली तुमची कोणती?” बोलण्यात खोच अजिबात नव्हती. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मी चित्रांकडे बघत राहिले, काही सुचेना. शेवटी ती गोळा केली, फाइलमध्ये घातली आणि निघाले. त्याला आता सहा वर्षं झाली. त्यातली निदान चार वर्षं तरी तो प्रश्न माझ्या मानगुटीवर बसलेला होता.

मी पुस्तकांसाठी चित्रं काढते. गेली १९ वर्षं हेच काम. या कामात हात लवचीक असावा लागतो. लहान मुलांच्या गोष्टीला गोलसर, मऊ रेषा हवी असते, विज्ञानाच्या पुस्तकाला काटेकोर आकृती, आणि कवितांना चार फटकारे पुरतात. मला हे सगळं जमायचं. त्याचा अभिमान होता आणि आजही आहे, कारण तो हात मेहनतीने कमावलेला आहे. पण त्या दिवशी टेबलावरची चित्रं बघताना माझ्याही लक्षात आलं की ती पाच वेगवेगळ्या माणसांनी काढल्यासारखी दिसतायत. त्या पाचांपैकी मी कोण, हे मलाच सांगता येत नव्हतं.

मग मी जे केलं ते बहुतेक जण करतात. शैली ठरवून टाकली. जाड काळी बाह्यरेषा, आत सपाट तीन रंग, माणसांना डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. आठ महिने जे काढलं ते असंच काढलं. चित्रं एकमेकांची भावंडं दिसू लागली. सोशल मीडियावर ओळीने छान शोभायची, लोक म्हणायचे, “लगेच ओळखू येतं तुझं चित्र.” पण काढताना मला सारखं आठवावं लागायचं. थांब, इथे रेषा जाड करायची. थांब, हा चौथा रंग झाला. परक्याच्या घरात आपण कसे वावरतो, कुठली वस्तू कुठे ठेवायची हे विचारत विचारत, तशी मी माझ्याच कागदावर वावरत होते. नवव्या महिन्यात एका चित्रात म्हाताऱ्या बाईचा हात काढायचा होता. त्या जाड रेषेत सुरकुत्या बसेनात. गाळल्या असत्या तर तो हात कुणाचाही झाला असता. त्या दिवशी मी ती रेषा सोडली.

मग गिरवायला बसले.

हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. ‘कॉपी’ म्हटलं की चोरी आठवते, ‘गिरवणं’ म्हटलं की शिकणं आठवतं. अक्षरं आपण गिरवूनच शिकलो, आणि तरी वर्गातल्या प्रत्येकाच्या अक्षराचं वळण वेगळं झालं. समोरचा कित्ता एकच होता. हा विचार मला फार धीर देणारा वाटतो. स्वतःसाठी एकच नियम केला होता: गिरवलेलं चित्र कुठेही टाकायचं नाही, विकायचं नाही, आणि मागच्या बाजूला मूळ चित्रकाराचं नाव लिहून ठेवायचं.

जर्मन चित्रकार केटे कोलविट्झ हिचे कोळशाने काढलेले चेहरे गिरवले. दोन आठवडे काळवंडलेला कागद आणि काहीच साधलेलं नाही अशी अवस्था होती. मग कळलं की मी मनगटातून काढतेय. हे वजन खांद्यातून यायला हवं, कोळसा आडवा धरायला हवा. ऑस्ट्रियाचा चित्रकार एगॉन शीले, त्याची रेषा गिरवली. ती सांध्याशी येऊन अडखळते, कोपराशी, बोटांच्या पेरांशी झटका खाऊन पुढे जाते. माझी रेषा मात्र तिथे गुळगुळीत वळायची, कितीही ठरवलं तरी. जपानी चित्रकार होकुसाईच्या रेखाटनांमधली माणसं गिरवली. धावणारी, ओझं उचलणारी, वाऱ्यात वाकलेली. तिथे मला पहिल्यांदा जाणवलं की एखादा माणूस कितीही कमी रेषांत काढला तरी त्याचं वजन कोणत्या पायावर आहे हे दिसलंच पाहिजे.

व्हॅन गॉगनेही हे केलंय, आणि तेसुद्धा शिकाऊ असताना नव्हे. १८८९ च्या शरदात, फ्रान्समधल्या सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना, त्याने फ्रेंच चित्रकार ज्याँ-फ्रान्स्वा मिलेच्या चित्रांवरून एकामागून एक चित्रं रंगवली. वीसेक तरी असतील. तोपर्यंत त्याची स्वतःची सूर्यफुलं रंगवून झाली होती, त्याला कुणाकडून काही उसनं घ्यायची गरज नव्हती. त्याच्यापुढे मिलेच्या चित्रांचे काळे-पांढरे छाप होते, रंग त्यात नव्हतेच. भाऊ थिओला त्याने लिहिलं की, मी हे दुसऱ्या भाषेत, रंगांच्या भाषेत उतरवतोय. वादक दुसऱ्याची रचना वाजवतो तेव्हा त्यात स्वतःचं काही घालतोच, तसं चित्रकाराने का करू नये, असाही त्याचा मुद्दा होता. ती चित्रं आज बघितली तर मिलेचा शेतकरी तिथे आहे, त्याचं वाकणं आहे, पण आभाळ आणि जमीन कुणाची आहे याबद्दल क्षणभरही शंका येत नाही.

मला अर्थात हे सगळं तेव्हा असं दिसत नव्हतं. मी मूळ चित्र आणि माझं चित्र शेजारी ठेवायचे आणि जिथे फरक पडला तिथे समासात लाल पेन्सिलीने चूक लिहायचे. ‘कोपर गोल झालं.’ ‘मान लांब.’ ‘सावली सुटली.’ एक चित्र संपलं की पुढचं. दीड वर्ष हे चाललं. हात सुधारला यात शंका नाही. प्रश्न होता तिथेच होता.

त्याच सुमारास जिओव्हानी मोरेल्लीबद्दल वाचलं. हा एकोणिसाव्या शतकातला इटालियन कलापारखी, शिक्षणाने वैद्यकातला. एखादं जुनं चित्र नक्की कोणाचं, हे ओळखायची त्याची रीत त्या काळच्या लोकांना विचित्र वाटली होती. तो म्हणायचा, चित्राचा एकूण भाव बघू नका, चेहऱ्यावरचं हसू बघू नका, कारण नक्कल करणारा नेमकी त्याचीच नक्कल करतो. कान बघा. नखं बघा. चित्रकाराचं लक्ष जिथे सैल पडतं, जिथे हात सवयीने चालतो, तिथे तो स्वतः सापडतो. १८७० च्या दशकात त्याने हे लिहायला सुरुवात केली आणि संग्रहालयांतल्या कित्येक चित्रांखालची नावं त्यामुळे बदलावी लागली. पुढे त्याच्या पद्धतीवर आक्षेपही बरेच आले आणि ते रास्त होते, नुसत्या कानावरून सगळं ठरत नाही. पण मी ते वाचून पुस्तक मिटलं आणि उठले.

कपाटात माझ्या ३१ चित्रवह्या होत्या. सगळ्या काढल्या आणि खोलीभर उघडून ठेवल्या. पाय ठेवायला जागा उरली नाही. मी सॉक्स घालून वह्यांच्या मधून चालत होते, आणि ठरवलं होतं की चेहरे बघायचे नाहीत, मुख्य आकृती बघायच्या नाहीत. फक्त उरलेल्या जागा. खुर्च्यांचे पाय, नखं, झाडाचा बुंधा जमिनीत शिरतो ती जागा, भांड्याची कड, दाराच्या खालची रेघ. पहिला तासभर काही दिसलं नाही. सगळं सरभेसळ. मग एका वहीत एक कात्री दिसली, नुसती कशी तरी काढलेली, शेजारी फोन नंबर लिहिलेला, म्हणजे बोलता बोलता काढलेली असणार. कात्रीची सावली कात्रीला चिकटलेली नव्हती. मध्ये एक बारीक पांढरी फट होती.

तिच्या शेजारच्या वहीत, पूर्ण वेगळ्या धाटणीत, मुलांच्या गोष्टीसाठी काढलेली बादली होती. तिथेही फट. विज्ञानाच्या पुस्तकातलं भिंग, तिथेही. जाड रेषेच्या त्या आठ महिन्यांतली किटली, तिथे सपाट रंगातली सावली आणि किटली यांच्यामध्ये कोऱ्या कागदाची एक चिंचोळी पट्टी. आणि गिरवलेल्या चित्रांच्या वहीत तर माझ्याच अक्षरात, लाल पेन्सिलीने, परत परत: ‘सावली सुटली.’ ‘सावली सुटली.’ एका पानावर तर नुसतंच ‘परत!’ असं लिहिलेलं.

मी खाली बसले. वही हातात धरून बराच वेळ बसले होते. पाच माणसांच्या चित्रांमध्ये एकच माणूस होता, आणि मी त्याला दीड वर्ष लाल पेन्सिलीने खोडत होते.

ही फट आली कुठून, हे शोधायला मग वेळ लागला नाही. मी डावखुरी आहे. शिकताना उजेड डावीकडून येतो असं धरायची पद्धत होती, म्हणजे सावली वस्तूच्या उजवीकडे पडणार. उजव्या हाताने काढणाऱ्याला हे सोयीचं असतं, त्याचा हात उजवीकडे असतो आणि वस्तू उघडी दिसते. माझा हात डावीकडून यायचा आणि वस्तूची कड त्या हाताखाली झाकली जायची. त्यात मी वापरायचे ती शाई पाण्यात विरघळणारी. सावलीसाठी ओला ब्रश फिरवताना तो रेषेला जरासा जरी लागला तरी रेषा फुटायची आणि निळा ओघळ वस्तूच्या पोटात शिरायचा. कड दिसत नाही आणि लागलं तर चित्र जातं, म्हणून मी अंदाजाने थोडं अंतर ठेवून सावली घालायला लागले. दीड मिलिमीटर, कधी दोन. सोळाव्या वर्षी लागलेली ही सवय.

नंतर मी पक्की शाई वापरायला लागले, वाळली की पाण्याने हलत नाही अशी. फट राहिली. पेन्सिलीत विरघळायचा प्रश्नच नाही, तिथेही राहिली. आता निम्मं काम टॅब्लेटवर करते, तिथे तर ओलं काही नसतंच. आणि फट आहे.

आमच्या एका शिक्षकांनी तेव्हाच हे हेरलं होतं. ते म्हणाले होते, “सावली वस्तूला चिकटली पाहिजे, नाहीतर वस्तू हवेत तरंगते.” त्यांचं चुकीचं नव्हतं. वस्तू जिथे टेकते तिथली सावली सर्वात गडद असते आणि आपला डोळा तिच्यावरूनच ठरवतो की ही वस्तू टेकलेली आहे. सावली थोडी जरी दूर सरकली तर डोळ्याला वाटतं की वस्तू उचललेली आहे. हे त्यांनी मला शिकवलं, आणि मला वाईट फक्त एवढंच वाटतं की ‘तरंगू दे की, मग काय होतं ते बघू’ असं म्हणणारं तेव्हा कुणी नव्हतं. त्यांनी माझ्या वहीत सावल्या ओढून वस्तूंना चिकटवून दिल्या होत्या. ती वहीही त्या दिवशी जमिनीवर होती.

शरीराच्या अशा खुणा थोरामोठ्यांच्या चित्रांतही असतात, हे कळल्यावर मला बरं वाटलं. लिओनार्दो दा विंची डावखुरा. त्याच्या रेखाटनांतल्या छायेच्या तिरप्या रेघा डावीकडून वरून निघून उजवीकडे खाली उतरतात. उजव्या हाताने काढणाऱ्याच्या रेघा सहसा उलट्या दिशेने जातात. आजही एखादं रेखाटन त्याचं की त्याच्या शिष्याचं हे बघताना अभ्यासक त्या तिरप्या रेघांकडे आधी बघतात. त्याने ही दिशा शैली म्हणून निवडलेली नव्हती. हात तसा होता.

हत्यारंही असंच करतात. व्हॅन गॉग १८८८ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या आर्लला गेल्यावर बोरू वापरायला लागला. बोरूत शाई फार वेळ टिकत नाही, चार-सहा फटकाऱ्यांत संपते आणि परत दौतीत बुडवावा लागतो. त्या काळातली त्याची रेखाटनं तुटक रेघांनी, ठिपक्यांनी, छोट्या छोट्या फराट्यांनी भरलेली आहेत. मी स्वतः बोरू करून बघितला. लांब, संथ रेघ ओढायची म्हटली तर अर्ध्यात कोरडी पडते. एकदा ते हाताला कळलं की त्याच्या रंगचित्रांतल्या तुटक फटकाऱ्यांकडेही मी वेगळ्या नजरेने बघायला लागले.

आणि रवींद्रनाथ टागोर. त्यांच्याबद्दल मला इथे थोडं जास्त लिहायचंय, कारण ‘शैली शोधायला आता उशीर झाला’ असं मला कुणी म्हणालं की मी त्यांचंच उदाहरण देते. हस्तलिखितात शब्द खोडला की ती खाडाखोड त्यांना तशीच ठेववत नसे. इथला खोडलेला शब्द तिथल्या खोडलेल्या शब्दाला रेघेने जोडायचा, मधली जागा भरायची, आणि बघता बघता त्या खाडाखोडीतून एखादा चोचवाला प्राणी, एखादा लांबोडका चेहरा उभा राहायचा. कवितेचं पान कवितेसाठीच होतं, चित्र आपोआप कडेला वाढत होतं. पुढे त्यांनी त्याच वळणाची चित्रं स्वतंत्र कागदावर काढायला सुरुवात केली. १९३० मध्ये पॅरिसला त्यांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन झालं तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. नंतरच्या वर्षांतली धरून त्यांची चित्रं दोन हजारांच्या वर आहेत. त्यातलं कुठलंही बघा, ती खाडाखोड आत कुठेतरी आहे. दाट काळपट भरलेली जागा आणि तिच्यातून काढलेली उजेडाची वाट.

माझ्या फटीकडे परत येते, कारण इथून पुढचा भाग मला जास्त जड गेला.

फट सापडली म्हणून मी फार आनंदात होते आणि त्या आनंदात ती सगळीकडे घालायला लागले. झाडाला फट, डोंगराला फट, माणसाला आणि त्याच्या टोपीला मध्ये फट. चार महिने. मग एक दिवस दहा चित्रं भिंतीला लावली आणि दुरून बघितली, तर ती आठ महिन्यांच्या जाड रेषेसारखीच दिसत होती. परत ‘थांब, इथे आपण फट सोडतो’. मराठीत लकब म्हणून जो शब्द आहे तो मला तेव्हा नीट कळला. बोलताना एखाद्याची लकब असते, ती त्याच्या नकळत असते तोवर गोड वाटते. त्याच्या लक्षात आली आणि तो मुद्दाम करायला लागला की ऐकवत नाही.

मग मी प्रश्न बदलला. फट कुठे सोडायची हा विचार बाजूला ठेवला आणि फट नक्की करते काय हे बघायचं ठरवलं. एक कात्री समोर ठेवली, तीच जी पंधरा वर्षं माझ्या टेबलावर आहे. तिची १४ चित्रं काढली, सगळी एकाच मापाची, एकाच निबने, एकाच दुपारी. फक्त फट वेगवेगळी. अजिबात नाही तेव्हा कात्री टेबलाचाच भाग वाटते, वर्षानुवर्षं तिथेच असल्यासारखी. तीन मिलिमीटर सोडली की ती उडते, जादूच्या प्रयोगातल्यासारखी, आणि चित्र हास्यास्पद होतं. एक ते दीड मिलिमीटरच्या आसपास मात्र काहीतरी वेगळं घडतं. तिथे कात्री तरंगत नाही आणि पूर्ण टेकलेलीही नसते. कुणीतरी ती आत्ता ठेवली असावी, बोटं अजून पुरती सुटली नसावीत, असं वाटतं. किंवा कुणीतरी आता ती उचलणार आहे. सातव्या आणि नवव्या चित्रात ते इतकं स्पष्ट होतं की मी मान वळवून टेबलावरच्या खऱ्या कात्रीकडे बघितलं.

नुकतीच ठेवलेली वस्तू. हे शब्द त्या दिवशी मी नवव्या चित्राच्या मागे लिहिले. तेव्हापासून मला काय काढायचंय हे मला माहीत आहे. उलटं ठेवलेलं पुस्तक. टोपण न लावलेलं पेन. एक काडी उघडी आणि एक मिटलेली असा चष्मा. चाव्यांचा जुडगा, ज्यातली एक चावी अजून हलतेय असं वाटावं. फट मी आता सगळीकडे सोडत नाही. पुस्तकांच्या कपाटाला सोडत नाही, भिंतीला सोडत नाही, या गोष्टी बसलेल्या असतात. हाताने ठेवलेल्या गोष्टींनाच ती शोभते. ‘शैली’ म्हणून मी जे शोधत होते ते मला एका विषयाच्या रूपाने भेटलं, हे मला अजूनही नवल वाटतं.

गेल्या वर्षी यातलं चष्म्याचं चित्र माझ्या एका जुन्या मैत्रिणीने पाहिलं. ती चित्रं काढत नाही, तिला रेषा, वॉश असलं काही सांगितलं तर ती कंटाळते. तिने चित्र हातात घेतलं आणि विचारलं, “अगं, कोण होतं इथे आत्ता?” मी तिला काही समजावलं नाही.

मला हल्ली नव्याने चित्रं काढणारी मुलं विचारतात की शैली कशी सापडते, किती दिवस लागतात. दिवसांचं मला सांगता येत नाही. डच चित्रकार पीट मॉन्ड्रियानचे लाल-निळे-पिवळे चौकोन सगळ्यांना माहीत आहेत, पण त्याच्या आधी त्याने कितीतरी वर्षं पवनचक्क्या आणि झाडं काढली. १९१२ च्या आसपासची त्याची झाडं बघा, फांद्यांची जाळी होत चाललेली दिसते. ते चौकोन पक्के झाले तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता. होकुसाईने समुद्राची ती प्रसिद्ध लाट काढली तेव्हा तो सत्तरीचा होता, आणि १८३४ मध्ये त्याने लिहून ठेवलं की सत्तरीच्या आधी मी जे काढलं त्यात दखल घेण्यासारखं काही नाही. हे मी त्या मुलांना सांगते तेव्हा त्यांचे चेहरे पडतात. पण मला स्वतःला त्याने उभारी येते, म्हणून सांगते.

एक मात्र मी त्यांना आवर्जून करायला लावते. रद्दीत टाकलेले कागद आणा. ब्रश पुसायचे कागद, फोनवर बोलताना काढलेलं, वहीच्या शेवटच्या पानावरचं. चांगली चित्रं घरी ठेवा. आणि ज्या चुका तुम्ही पाचव्यांदा दुरुस्त करताय, त्यांची एक यादी करा. त्यातल्या बहुतेक खऱ्याच चुका असतात आणि त्या दुरुस्तच करायला हव्यात. मान लांब झाली तर लांबच झाली, तिचं कौतुक करत बसू नये. पण एखादी अशी असते की ती दुरुस्त केली की चित्र बरोबर होतं आणि तुमचं राहत नाही. ती कोणती हे बाहेरच्या कुणाला सांगता येणार नाही, मलाही नाही. ती काढून बघावी लागते. मोठी करून, लहान करून, चौदा वेळा.

सध्या माझं घोडं रंगात अडलंय. काळ्या शाईच्या चित्रात फट म्हणजे कोरा कागद, आणि तो उजेडासारखा वाचला जातो. रंगीत चित्रात तीच पांढरी पट्टी खरवडल्यासारखी दिसते, जणू तिथला रंग उडालाय. फटीत फिकट पिवळा भरून बघितला तर चकाकीसारखी झाली. सावलीचाच रंग पाणी घालून पातळ केला, तर फट बुजली आणि कात्री पुन्हा टेबलाला चिकटली. दोन महिने यावर काम चालू आहे. काल रात्री एक सुचलं. कागदच करडा घ्यायचा आणि वस्तू, सावली, टेबल सगळं त्याच्यावर रंगवायचं, म्हणजे फटीत जो कागद उरेल तो पांढरा नसेल. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, करडा कागद आणून ठेवलाय. चावीचा जुडगा टेबलावर आहे, डावीकडून उजेड आहे. उद्या सकाळी बसेन.